तोंडाचा वास घेऊन बघा

हॅलो?

हॅलो… कोण? … बारके, तू होय. थांब, फोन कानाला नीट लावू दे… हं, बोल आता.

नाही, झोपले नव्हते. खिडकीशी बसले होते, खुर्चीत… नाही गं, आवाज असाच येतोय. घसा बसलाय जरा.

हो, गेले होते ना. या जवळच्या चर्चला. त्या जुन्या चर्चला जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, आता नाही जमत… छान झाली की उपासना. गाणी छान झाली. माणसं… माणसंही बरी आहेत.

का असं विचारतेस?

कोणी सांगितलं?

मधल्या वहिनीने. अस्सं. म्हणजे चर्चमध्ये गाऊन आली आणि स्वतःच्या घशाला पाणी पाजायच्या आधी तिने तुला फोन लावला.

काय म्हणाली? … नाही, मोघम नको. तिच्या शब्दांत सांग.

… 'तुझी ताई चर्चमध्ये पिऊन आली होती.'

हं.

नाही, आहे मी. ऐकतेय.

आणि तुला काय वाटलं? … काही वाटलं नाही असं म्हणू नकोस, बारके. काही वाटलं नसतं तर 'उपासना कशी झाली' असं लांबून लांबून आली नसतीस. सरळ विचारलं असतंस. मग विचार ना आता… विचार. मी रागावणार नाही.

नाही. घेतलेली नाही. आज नाही, काल नाही, तुझे भावजी गेले त्या दिवशीही नाही. प्रभुभोजनाचा प्याला सोडला तर या तोंडाला कधी काही लागलेलं नाही. आणि त्यातसुद्धा द्राक्षांचा रस असतो नुसता.

हो, जीभ जड येतेय. माझी मलाही ऐकू येते… हो, गेल्या महिन्यातही येत होती… तुझ्या लेकीच्या वाढदिवसाला? तेव्हाच तुझ्या मनात आलं होतं?

म्हणून फोन कमी केलेस होय. मी आपली म्हणत होते, कामात असेल पोरगी.

अगं रडू नकोस आत्ताच. रडण्यासारखं अजून काही सांगितलंच नाही मी… सांगते. सगळं सांगते. फक्त मध्ये तोडू नकोस. एकदा थांबले की परत सुरू व्हायला मला वेळ लागतो. जुन्या गाडीसारखं झालंय, उतारावर लावावी लागते.

आजार आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो ना, तोल सांभाळणारा, तो झिजत चाललाय… हो, मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डोक्याचे फोटो काढले. नाव लांबलचक आहे त्याचं. गंमत म्हणजे तो आजार झालेल्या माणसाला ते नाव उच्चारताच येत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं तसं. हसले बिचारे.

नाही. बरा होत नाही. हळूहळू वाढतो… हळूहळू म्हणजे हळूहळू. तुझ्या लेकीचं लग्न बघीन मी, घाबरू नकोस.

तुला का नाही सांगितलं… कसं सांगू? तुझे यजमान घरी बसलेले, पोरीची परीक्षा, तू रात्रपाळ्या करत होतीस. आणि तुला मी ओळखते. सगळं टाकून आली असतीस आणि माझ्या उशाशी बसून मलाच रडवलं असतंस. शिवाय इथे खालच्या मजल्यावरच्या बाईला सांगून बघितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी ओरडून बोलायला लागली. एकेक अक्षर तोडून. 'कशा… आहात… तुम्ही?' कान चांगले आहेत गं माझे. म्हटलं, पुरे झालं सांगणं.

आता आजचं ऐक.

सकाळी उठून ठेवणीतला निळा कोट काढला. बटणं लावता लावता घामाघूम झाले, पण सगळी लावली. वरचं वरच्यात, खालचं खालच्यात. तोंड कोरडं पडतं म्हणून पेपरमिंटची गोळी टाकली जिभेवर आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत धरायला भिंत आहे, पुढे कुंपण आहे, त्याच्यापुढे नुसता देव आहे… हसलीस ना? बरं झालं.

चर्चच्या दारात एक पंच उभे होते, चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी. कडक इस्त्रीचा सूट, सोन्याचं घड्याळ, भांग तर पट्टी लावून पाडलेला. मी मनात म्हटलं, हा गृहस्थ प्रार्थनेलाही आधी आरशात बघून उभा राहत असेल. बघ, एका नजरेत निकाल लावून मोकळी झाले मी. त्यांनी हात पुढे केला, मी धरायला गेले तर हाती आली त्यांची बाही. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मी पाय फाकवून चालते आता, डावीकडे कलत. समजलं मला काय बघतायत ते. पण म्हटलं, असू दे.

सगळ्यात मागच्या बाकावर बसले. शेजारी एक बाई होती, पांढरेशुभ्र कपडे. तिने आपली पर्स उचलली आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

गायले ना. गाणं पाठ होतं, पण जीभ मागे राहते. सगळे ओळ संपवून श्वास घेतायत आणि माझा शेवटचा शब्द एकटाच येतोय मागून. पुढच्या बाकावरची दोन डोकी वळली. मग नुसते ओठ हलवत राहिले.

वहिनी? हो, गाणाऱ्यांत उभी होती, पुढेच. मी हात केला तिला. बघितलं तिने. नक्की बघितलं, कारण त्यानंतर तिने पुस्तकात जे डोळे घातले ते मी आत होते तोवर वर काढले नाहीत. पाठ असलेली गाणीही पुस्तकात बघून म्हटली तिने.

मग प्रभुभोजन. ताटातून छोटे छोटे काचेचे प्याले फिरवतात ना इथे, अंगठ्याएवढे. जुन्या चर्चमध्ये शेजारची म्हातारी माझ्या हाताखाली आपला हात धरायची. बोलायची नाही, विचारायची नाही, नुसता धरायची. इथे कोण धरणार? मी दोन्ही हातांनी उचलला. अगदी ओठांपर्यंत आणला होता, बारके. आणि हात उडाला. सगळा रस त्या बाईच्या मांडीवर. पांढऱ्यावर लाल.

माफ करा म्हणायला गेले, तर 'मा… मा…' याच्यापुढे काही येईना. घाबरले की जीभ टाळ्याला चिकटते. आणि तसं झालं की मला हसू येतं, आवरता येत नाही. तेही त्या आजारातलंच आहे. म्हणजे बघ कसं दिसलं असेल. बाई झुलत झुलत आली, अडखळत गायली, पवित्र प्याला सांडला आणि वर हसतेय. त्यांच्या जागी मी असते तर…? तेच वाटलं असतं मला. माहीत आहे.

आले ना. पंच आले. कोपराला धरलं. ओढलं नाही हं, खोटं कशाला बोलू. हळू आवाजात म्हणाले, 'चला, जरा मोकळ्या हवेत बसू या.' उठताना माझा तोल गेला तर दोन बाकांवरची माणसं अंग चोरून बसली. बाहेर ओसरीसारखं आहे, छत्र्या ठेवतात तिथे एक बाक. त्यावर बसवलं मला आणि दार लावून घेतलं. आतून गाणं सुरू झालं. दारातून ऐकलं तर गाणं असं येतं गं, शब्द येतच नाहीत, नुसता घों असा आवाज.

मग आत जाऊन पाणी आणून दिलं त्यांनी. म्हणाले, 'कुणाला बोलावू?' मी म्हटलं, 'कुणी नाही.' हे मात्र अगदी स्पष्ट निघालं तोंडातून. मग ते म्हणाले… थांब, घोट घेते पाण्याचा.

म्हणाले, 'तुमच्या घरात हे आधीपासून आहे असं कळलं. आम्ही प्रार्थना करू तुमच्यासाठी.'

हो. बाबांचं पिणं. पाणी आणायला आत गेले तेव्हा वहिनीनेच सांगितलं असणार, दुसरं कोण?

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, 'तोंडाचा वास घेऊन बघा माझ्या.' … हो, म्हटलं. या वयात, परक्या माणसाला. तोंड उघडून बसले त्यांच्यासमोर, दवाखान्यात बसतात तशी. ते लालबुंद झाले. पण वाकले. घेतला वास. आणि म्हणाले, 'पेपरमिंट.'

एवढंच. 'पेपरमिंट.' पिणारे खातातच ना वास मारायला. बाबाही खायचे.

अगं सांगायला गेले ना मी, पण पुन्हा घाबरले. 'आजार' एवढा तीन अक्षरांचा शब्द, तो निघेना. तुला माहीत आहे ना माझा आवाज कसा होता? सगळी नोकरी आवाजावर केली मी. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसायचे तेव्हा लोक नंबर मागायचे विसरून माझं ऐकत राहायचे. तो फुलंवाला आठवतो? सांगितलं होतं तुला. आवाज ऐकून एक गृहस्थ फुलांचा गुच्छ घेऊन भेटायला आले. मी ही अशी, बुटकी, गोल, जाड चष्मा. मला म्हणतात, 'त्या मधुर आवाजाच्या बाई कुठे बसतात?' मी म्हटलं, 'त्यांची बदली झाली.' फुलं मात्र ठेवून घेतली… हसतेस, पण तेव्हा मी घरी येऊन जेवले नव्हते.

तर तो आवाज. आज त्याला एक शब्द सांगता आला नाही.

पंच आत गेले. मी बसून राहिले. आणि मला ती बाई आठवली… पवित्र शास्त्रातली गं. रविवारच्या शाळेत मी तुम्हाला सांगायचे ती. मूल होत नव्हतं तिला, मंदिरात बसून मनातल्या मनात प्रार्थना करत होती. ओठ हलतायत, आवाज नाही. म्हाताऱ्या याजकाने लांबून बघितलं आणि म्हणाला, किती वेळ झिंगत राहणार बाई, उतरव ती आता… हो, तीच. पुढे मुलगा झाला ना तिला. तो मोठा होऊन देवाचा माणूस झाला. आणि गंमत बघ, एवढी वर्षं सांगितली ही गोष्ट पण आज बाकावर बसल्यावर डोक्यात आलं. देवाने राजा निवडायला एका घरी पाठवलं तेव्हा तोच मुलगा तिथल्या भावांतल्या थोरल्या उंचापुऱ्याला बघून म्हणाला, हाच तो. देवाला सांगावं लागलं त्याला, की बाबा रे, तू उंची बघतोस, मी आतलं बघतो. ज्याच्या आईला नुसत्या ओठांवरून दारुडी ठरवलं, त्यालासुद्धा शिकवावं लागलं. मग मी, तू, वहिनी, ते पंच, आपली काय कथा?

नाही, म्हणून राग गेला असं नाही. राग आहे. धरून बसले होते, अगदी घट्ट. पण सारखं वाटत होतं, त्या बाईला निदान उत्तर देता आलं. सलग, एका दमात बोलली ती, आणि म्हाताऱ्याने ऐकून घेतलं.

नाही थांबले. उपासना संपली की सगळे त्याच दारातून येणार, माझ्यासमोरून. म्हणून आधीच उठले आणि निघाले.

पोचले ना, म्हणून तर बोलतेय तुझ्याशी… एकटी नव्हते. ऐक तर. तू ओरडशील आता, पण ऐक.

येताना पुलाखालचा रस्ता आहे, तिथे धरायला काही नाही. मी फुटपाथच्या कडेला उभी. एका पायाने उतरू की दोन्ही, ठरत नव्हतं. तिथे एक माणूस बसलेला असतो, नेहमी बघते मी त्याला. खराखुरा पिणारा. दाढी वाढलेली, कोटाला दोरी बांधलेली. त्याला बघितलं की मी रस्ता बदलते. आज बदलायला पायच नव्हते. तो उठला, माझ्याजवळ आला, मला नीट बघितलं आणि म्हणाला, 'तू डावीकडे पडतेस. मी उजवीकडे पडतो. हात दे, दोघं मिळून एक सरळ माणूस होऊ.'

दिला. हात दिला मी.

बारके, बारके, ऐक ना… काही केलं नाही त्याने. पर्सकडे बघितलंसुद्धा नाही. एवढ्या सकाळी तोंडाला वास येत होता, तोच, बाबांचा. तो वास आला की आपण पडदा ओढून पांघरुणात शिरायचो. आणि मी त्या वासाच्या दंडाला धरून चालत होते भर रस्त्यातून, आणि खरं सांगते, कित्येक महिन्यांत इतकी सरळ चालले नव्हते. त्याला वाटलं मीही त्याच्यातलीच. विचारलं नाही, की काय घेतली, कधीपासून घेतेस, घरी कोण आहे. मला वाटलं सांगावं, मी तशी नाही. तोंडावर आलं होतं. मग नाही सांगितलं. कशाला? त्याच्या हाताला काय फरक पडणार होता?

दारापर्यंत आला. म्हणाला, 'आतून कडी लाव हं.' आणि गेला. उजवीकडे कलत.

आणि मग जिना. आपण लहानपणी ओळखायचो ना बाबांच्या पावलांवरून? एक पायरी जोरात, मग घसटत, मग भिंतीला हात… आज जिना चढताना ती पावलं ऐकू आली मला. वाटलं बाबा आले. मग लक्षात आलं, जिन्यात मी एकटीच आहे.

बारके?

… रड. आता रड. आता हरकत नाही.

नको गं माफी मागू. तू आवाज ऐकलास, तुला बाबा आठवले. मलाही तेच आठवले की. आपल्या दोघींचे कान एकाच घरात तयार झालेत.

वहिनीला तू फोन करू नकोस… नाही, खरंच नको. तू तिला चार शब्द सुनावशील, तिला वाईट वाटेल, ती सगळ्यांना सांगेल, आणि मग सगळे माझ्याशी ओरडून बोलतील. एकेक अक्षर तोडून. मी सांगेन तिला. पुढच्या रविवारी.

जाणार तर. का नाही जाणार? देवाचं घर आहे, पंचांच्या आजोबांनी थोडंच बांधलंय… बसेन. जरा पुढच्या बाकावर बसेन. आणि त्या पांढऱ्या कपड्यांच्या बाईला विचारीन, डाग गेला का… हो, भीती वाटते ना. आत्तापासून वाटते.

तू? … शुक्रवारी? रजा मिळेल? … नाही, नको असं कुठे म्हटलं मी. ये. ये, बारके. मी म्हटलं असतं नको, कालपर्यंत. ये.

काय काय जमत नाही? किती विचारशील… सही जमत नाही. कपात चहा अर्धाच घेते. सुई तर सोडूनच दिली. रात्री कूस बदलताना पलंगाची कड शोधावी लागते. आणि बोलायला कुणी नाही दिवसभर, हे सगळ्यात वाईट. जीभ वापरली नाही की आणखी जड होते म्हणाले डॉक्टर. मी मोठ्याने वाचते मग, भिंतीला. भिंत काही मान वळवून बघत नाही, एवढं बरं आहे.

रोज करशील? … रोज नको गं, तुझी कामं… बरं. रोज कर.

कोण हाक मारतंय तुला? … जा, जा मग. वाढ त्यांना. … हो, जेवीन मीही.

ठेव तू… तू ठेव ना… अगं तूच ठेव, माझं बोट त्या लाल बटणावर बसत नाही, शेजारचंच काहीतरी दाबलं जातं… काय? … म्हणजे तू ठेवणारच नाहीस?

बरं. मग मी फोन असाच चालू ठेवते, इथे टेबलावर. तूही तसाच ठेव, ओट्यावर… नाही, बोलायचं नाही काही. तू आपली तुझी कामं कर. भांडी लागू देत, नळ चालू दे, पोरीवर ओरडायचं असेल तर ओरड.

… हं. येतंय ऐकू.